दोरिनचा डावा डोळा

सुरेखानं आमटीची वाटी दोरिनच्या डाव्या गालापासून वीतभर अंतरावर धरली आणि तो ती घेईल म्हणून वाट पाहत उभी राहिली. आमटी कढत होती, बोटांना चटका बसत होता. पण जावई मजेत समोर बघून बोलत होता. समोर बसलेल्या शरदचंद्रभाऊजींना तो थोडं मोडक्यातोडक्या मराठीत आणि उरलेलं हातवारे करून सांगत होता, की हेवीवेट माणसाला फाईटच्या आधी वजन उतरवावं लागत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यातही आईच्या हातचं पोटभर जेवता येतं.

"घे ना रे," ती म्हणाली.

आवाजासरशी तो वळला आणि त्याचं ओंडक्यासारखं कोपर वाटीवर आदळलं. आमटी टेबलक्लॉथवर, त्याच्या पांढऱ्या शर्टावर आणि तिच्या मनगटावर सांडली.

"सॉरी, आई! सॉरी, सॉरी!"

एकच गडबड उडाली. ऊर्जानं नवऱ्याचा शर्ट टिपायला घेतला, तिचा भाऊ प्रणव कागदी टॉवेलचा अख्खा रोलच घेऊन आला. श्रीपाद टेबलाच्या टोकाकडून उठला तो सर्वांत घाईनं. "जागाच अडचणीची आहे," तो म्हणाला. "मी सकाळीच म्हणत होतो, टेबल खिडकीकडे सरकवा म्हणून."

कोणीच काही विचारलं नव्हतं. तरी तो सांगत होता.

सुरेखा नळाखाली मनगट धरून उभी राहिली. चौतीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याच्या आवाजातली एक पट्टी जरी वर गेली तरी कळते. पाणी बंद करून तिनं पापडांचं ताट उचललं आणि मुद्दाम पुन्हा दोरिनच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. बोलली नाही. पापड त्याच्या कानापाशी धरला, मग हळूच पुढे आणला, पार भुवईच्या रेषेत. त्याची पापणीसुद्धा हलली नाही. मग ती त्याच्या पाठीमागून फिरून उजवीकडे गेली. तिचा पदर दिसतो न दिसतो तोच तो हसून म्हणाला, "थँक यू, आई," आणि त्यानं दोन पापड उचलले.

पापडांचं ताट ठेवून ती स्वयंपाकघराकडे वळली.

२०१४ सालच्या ऑक्टोबरातला तो रविवार. श्रीपादची साठी होती. शरदचंद्रभाऊजी, त्याचे थोरले भाऊ, त्यासाठी पुण्याहून आले होते. प्रणव कार्ल्सरूहेहून आदल्या संध्याकाळी आला होता. ऊर्जा आखनला डॉक्टरेटचं संशोधन करत होती, ती दोन वर्षं एकाआड एक शनिवार-रविवारच हॅम्बर्गला यायची. सकाळी औक्षण झालं तेव्हा सुरेखानं नवऱ्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिला वाटलं होतं, चला, निभावलं सगळं. परमुलखात येऊन, पावसात भिजून, दोन मुलं वाढवून, नको म्हटलेला जावईही आपलासा करून.

नको म्हटलेलाच होता तो. पाच वर्षांपूर्वी ऊर्जानं घरात त्याचं नाव काढलं, तेव्हा श्रीपादनं वर्तमानपत्र खाली न ठेवता विचारलं होतं, "करतो काय?"

"बॉक्सर आहे."

"छंद नाही विचारत मी. पोटापाण्यासाठी काय करतो?"

पोटापाण्यासाठी तो ठोसे मारत होता आणि खात होता. दोरिन मुंतेआनू. रोमानियातल्या गालाट्स नावाच्या बंदराच्या गावचा. बाप गोदीत वेल्डर. चौदाव्या वर्षी पोराची उंची दाराच्या चौकटीला लागली, तशी बापानं त्याला सरकारी क्लबात नेऊन सोडलं. एकोणिसाव्या वर्षी तो देशाचा अजिंक्यवीर झाला. ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत एका गुणानं हरला, आणि तो एक गुण कुठे गेला हे तो अजूनही कोणी विचारलं तर उठून, हात उगारून दाखवायचा. बाविसाव्या वर्षी एका प्रमोटरच्या शब्दावर बॅग घेऊन हॅम्बर्गला उतरला, तर स्टेशनवर न्यायला कोणीच आलं नव्हतं. दोन वर्षं त्यानं दिवसा बंदरावर कंटेनर बांधले आणि संध्याकाळी जिममध्ये घाम गाळला. मग लहान लहान गावांत, शाळेच्या हॉलमध्ये, जिथे जमिनीवर हँडबॉलच्या रेघा तशाच असायच्या, तिथे तो लढू लागला. ओळीनं पंधरा फाईट जिंकला.

सोळाव्या फाईटला जबडा मोडला. त्या मोडलेल्या जबड्यानंच तो ह्या घरात शिरला. ऊर्जा त्याला घेऊन आली, आणि सुरेखानं दोन महिने त्याला तांदळाची पेज, गाळलेलं वरण, पातळ खीर नळीनं पाजली. एवढा मोठा माणूस आणि तोंडातून शब्द निघेना, नुसता डोळ्यांनी आभार मानायचा. सुरेखाचा विरोध तिथेच विरघळला. श्रीपादचा मात्र नाही. श्टांडेसआम्टात, नोंदणीच्या लग्नाला, तो ओव्हरकोट न काढता शेवटच्या रांगेत उभा राहिला होता.

तोही बदलला, पण वेगळ्या वाटेनं. २०१२ साली दोरिनला युरोपियन अजिंक्यपदाची संधी मिळाली. श्रीपाद ऊर्जाच्या हट्टापायी गेला. दोरिन तीनपैकी दोन पंचांच्या निकालानं हरला, पण श्रीपाद घरी आला तो भारावल्यासारखा. विमानांच्या कारखान्यात चाकांना बसणारे धक्के मोजण्यात ज्याची तीस वर्षं गेली, त्याला रिंगमध्येही तेच दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं जावयाला सांगितलं, "तुझा मागचा पाय उशिरा वळतो." दोरिननं मान हलवली, आणि खरोखरच महिनाभर त्या पायावर मेहनत घेतली. ह्या घरात श्रीपादचं इतकं मनावर आजवर कोणी घेतलं नव्हतं. पुढच्याच वर्षी कंपनीनं त्याला मुदतीआधी निवृत्ती दिली आणि तेव्हापासून तो रोज सकाळी स्टॉपवॉच घेऊन जिममध्ये जाऊ लागला. लोक आता त्याला दोरिनचा बापच समजत.

आणि आता, तेहेतिसाव्या वर्षी, दोरिनला पुन्हा संधी आली होती. ज्याचा नंबर होता तो जखमी झाला, म्हणून बोलावणं ह्याला आलं. येत्या शनिवारी, हॅम्बर्गमध्येच. भाऊजींनी परतीचं तिकीट त्यासाठी पुढे ढकललं होतं.

श्रीपाद बर्फ न्यायला स्वयंपाकघरात आला तेव्हा सुरेखानं दार लोटून घेतलं.

"अहो, दोरिनच्या डाव्या डोळ्याला काही झालंय का?"

"कोण म्हणालं तुला?"

"काय झालंय?" असं तो म्हणाला असता, "छे" म्हणाला असता, तर तिनं कदाचित विश्वास ठेवला असता.

"म्हणजे आहे काहीतरी," ती म्हणाली.

"हळू बोल."

"कधीपासून?"

"फेब्रुवारी. सरावात एक ठोसा बसला. आधी काळे ठिपके दिसायचे, मग बाजूनं पडदा आल्यासारखं..."

"आता किती दिसतं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

श्रीपाद बर्फाचा ट्रे पिळत राहिला. एकही खडा सुटेना.

"ऊर्जाला माहीत नाही?"

"ती इथे असते कुठे? आणि तो सांभाळून घेतो. मान जराशी वळवून बघतो, कळत नाही कोणाला."

गाडी! तिला एकदम आठवलं. दोरिननं एप्रिलपासून गाडीला हात लावला नव्हता. बाबा छान चालवतात, म्हणायचा. आणि श्रीपाद रोज त्याला आणायला-सोडायला. तिला कौतुक वाटायचं. शेजारच्या नंदिनीला तिनं सांगितलंही होतं, सासरा-जावई असावेत तर असे.

"पण फाईटच्या आधी डोळे तपासतात ना? कागद लागतो डॉक्टरांचा. मागच्या वेळी केवढी धावपळ झाली होती."

"वर्षातून एकदा तपासतात. ह्या वर्षी जुलैमध्ये तपासले."

"मग?"

"अक्षरांचा तक्ता असतो." श्रीपाद तिच्याकडे न बघता बोलत होता. "त्या डॉक्टरकडे तोच असतो, वर्षानुवर्षं. उजव्या डोळ्यानं वाचायचा, मग डाव्या."

क्षणभर तिला अर्थ लागला नाही. मग लागला. जुलैमध्ये आतल्या खोलीत दोघं दार लावून अक्षरं घोकायचे. ओळीमागून ओळ, एक सुरुवात करायचा, दुसरा पुढचं म्हणायचा. ती चहा घेऊन गेली तर श्रीपाद म्हणाला होता, रिंगमध्ये द्यायच्या खुणा आहेत ह्या, प्रतिस्पर्ध्याला कळू नयेत म्हणून. ती हसली होती.

"तुम्ही त्याच्याकडून तक्ता पाठ करून घेतलात," ती म्हणाली. तिचा स्वर तिलाच परका वाटला. "आंधळ्या डोळ्यानं वाचायला."

"आंधळा नको म्हणूस."

"बाबा."

दार उघडलं होतं. ऊर्जा उंबऱ्यात उभी होती, हातात आमटीनं भिजलेला टेबलक्लॉथ.

"परत सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

ऊर्जा थांबली नाही. तिनं तो ओला बोळा तिथेच जमिनीवर टाकला आणि ती बाहेर गेली. सुरेखा तिच्यामागे धावली.

दोरिनला नुसत्या पावलांवरूनच काही कळलं असावं. तो बोलायचा थांबला होता. ऊर्जा त्याच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. त्याचं डोकं तिनं दोन्ही हातांत धरलं आणि आपला डावा तळवा त्याच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. त्यानं विरोध केला नाही. तो एका हातानं तिला उचलून बाजूला ठेवू शकला असता.

"किती बोटं?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

दोरिननं ओठांवरून जीभ फिरवली.

"किती, दोरिन?"

"तीन."

ऊर्जानं बोट उचललंच नव्हतं. तिचा दुसरा हात तिच्या मांडीवर पडलेला होता.

प्रणवच्या हातातला घास हातातच राहिला. भाऊजी एकदा भावाकडे, एकदा पुतणीकडे बघत होते, त्यांना जर्मन कळत नव्हतं, पण एवढ्यासाठी भाषा लागत नव्हती.

"काय दिसतं?" ऊर्जानं विचारलं. ह्या वेळी मराठीत, का कोण जाणे.

"अंधार," दोरिन म्हणाला. त्याच्या तोंडी तो शब्द अगदी स्वच्छ आला. "खाली थोडं ग्राऊ. राखाडी. बाकी अंधार."

ऊर्जानं हात काढला. ती तशीच खाली बसून राहिली. सुरेखाला वाटलं ती आता किंचाळेल, रडेल. तिनं तसं काहीच केलं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती आपल्याच तळव्याकडे पाहत होती, जणू तो तिचा नव्हेच. तशीच खाली बघत तिनं बाबांनी डॉक्टरांचा तक्ता पाठ करून घेतल्याचं सांगून टाकलं.

त्यावर पहिल्यांदा बोलला प्रणव. दोरिनला घरात घ्यायला ज्यानं शेवटपर्यंत विरोध केला, लग्नानंतरही वर्षभर ज्यानं त्याला नावानं हाक मारली नाही, तो.

"आल्झो, म्हणजे शनिवारची फाईट रद्द. ह्यात बोलण्यासारखं काही नाही."

"अरे, असं तडकाफडकी..." भाऊजी म्हणाले. "दहा वर्षं झिजलाय पोरगा. दाराशी आलेली लक्ष्मी. एक डोळा तरी शाबूत आहे ना? श्रीपादनं काही विचार करूनच..."

"काका, समोरचा माणूस उजव्या हातानं मारतो. उजव्या हाताचा ठोसा ह्याच्या डाव्या बाजूनं येतो. ह्याला तो दिसणारच नाही. डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस रिंगमध्ये मरतो, काका. मरतो."

"मोठ्यांशी बोलायची ही पद्धत नव्हे."

"मोठ्यांनी हे केलंय म्हणूनच बोलतोय!"

"प्रणव," दोरिन मधे पडला. "बाबांना नको बोलू. माझी आयडिया. मी सांगितलं बाबांना, हेल्प करा. मी."

तो इतक्या ठामपणे बोलला की कोणालाही पटलं असतं. सुरेखानं नवऱ्याकडे पाहिलं. श्रीपाद दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि जावयाच्या ह्या वाक्यानं त्याचे खांदे सैल झाले. सुटका झाल्यासारखे. ते तिला दिसलं, आणि त्या दुपारचा सगळ्यांत मोठा धक्का तिला त्या सैलावलेल्या खांद्यांनी दिला.

ऊर्जानंही ते पाहिलं होतं की काय कोण जाणे. ती उठून उभी राहिली.

"मार्चमध्ये तू मला फोनवर म्हणालास, एक गोष्ट सांगायची आहे, भेटल्यावर सांगतो. मी आले तर म्हणालास, विसरलो. काय सांगायचं होतं?"

दोरिन शर्टावरचा आमटीचा डाग चोळू लागला.

"दोरिन, काय होतं?"

त्यानं मान वळवून, उजव्या डोळ्यानं, सासऱ्याकडे पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं.

"तो सोडणार होता," श्रीपाद म्हणाला.

"कोण काय सोडणार होता?" भाऊजींनी विचारलं.

"बॉक्सिंग. दोरिन. मार्चमध्ये माझ्याकडे आला. म्हणाला, बाबा, डोळा गेला, आता बास, ऊर्जाला सांगतो आणि ऑपरेशन होतं का बघतो. बंदरावर ओळखी आहेत, क्रेनचं काम शिकेन." श्रीपाद चौकटीपासून सरळ झाला. "मी म्हटलं, थांब. एक संधी येईल. ती घे आणि मग सोड. मी म्हटलं, डोळ्याचं मी बघतो."

"तुम्ही म्हणालात," सुरेखा म्हणाली.

"त्याच्या हक्काचं होतं ते, सुरेखा. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडून हिसकावून घेतलं. चोवीस फाईट जिंकलेला माणूस शाळेतल्या हॉलमधून सुरू होऊन शाळेतल्या हॉलमध्ये संपणार? त्याच्या नावापुढे काही लागायला नको?"

"आणि तो तेव्हाच डॉक्टरकडे गेला असता तर?" ऊर्जानं विचारलं. "मार्चमध्ये. सात महिने झाले, बाबा. तेव्हा कदाचित डोळा वाचला असता. हे माहीत होतं तुम्हाला?"

श्रीपाद वळून खिडकीबाहेर बघू लागला.

"गेनाऊ, अगदी तेच," प्रणव स्वतःशीच म्हणाला. "माहीत होतं."

भाऊजींनी ताट सरकवलं. इतका वेळ भावाच्या बाजूनं झुकलेला तो म्हातारा आता त्याच्याकडे बघेना. "श्रीपाद," ते एवढंच म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

"का?" सुरेखानं विचारलं. "ते हक्काचं, नावाचं राहू द्या. खरं सांगा. का?"

बाहेर पाऊस होता, हॅम्बर्गचा नेहमीचा, बारीक, दिवसभराचा.

"त्यानं सोडलं असतं तर मला सकाळी कुठे जायला उरलं नसतं," श्रीपाद म्हणाला.

सुरेखानं हा माणूस रागावलेला पाहिला होता, आजारी पाहिला होता, आई गेली तेव्हा रडताना पाहिला होता. असा कधी पाहिला नव्हता. तिला त्याची कीव यायला हवी होती, आणि ती येत नव्हती. आपलं मन इतकं कोरडं होऊ शकतं, ह्याचाच तिला धक्का बसला.

तिनं टेबलावरचा फोन उचलून त्याच्या हातात दिला.

"ट्रेनरला लावा. तुम्ही सांगा. आत्ता, इथे, सगळ्यांसमोर."

"आई, मी करतो," दोरिन उठू लागला.

"तू बस. पाठ त्यांनी करून घेतलंय, त्यांनीच म्हणायचं."

श्रीपादनं नंबर लावला. त्याचं जर्मन ह्या घरातलं सगळ्यांत अभिमानाचं. कारखान्यातले जर्मन लोक त्याच्याकडून पत्रं तपासून घ्यायचे. त्यानं नाव सांगितलं, रविवारी त्रास देतोय म्हणून क्षमा मागितली, दोरिनविषयी बोलायचं आहे म्हणाला. जुलैच्या तपासणीविषयी. आणि तिथे तो अडकला. त्या लांबलचक वाक्याच्या शेवटी यायचं ते क्रियापद त्याच्या तोंडून निघेना. दोनदा त्यानं वाक्य पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या वेळी म्हणाला, "आम्ही डॉक्टरांना फसवलं," आणि मग, कोणी न सांगता, "मी. मी फसवलं."

पलीकडून ओरडणं ऐकू आलं. मग एक छोटा प्रश्न.

"काय म्हणतो?" प्रणवनं विचारलं.

"म्हणतो," श्रीपादनं फोन खाली घेतला, "मग मला फोन कसले करताय? माणसाला इस्पितळात न्या."

दोरिन हसला की रडला ते सुरेखाला कळलं नाही. छातीतून एक आवाज आला आणि तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. दहा वर्षं त्या हातांनी झाकलेलं तोंड. ते हात सोडवायला ह्या वेळी ऊर्जाला बराच वेळ लागला.

निघताना श्रीपादनं सवयीनं गाडीची किल्ली घेतली आणि कोट चढवला. ऊर्जानं त्याच्यासमोर हात पुढे केला.

"किल्ली द्या. तुम्ही नाही यायचं."

"ऊर्जा, रविवार आहे, तिथे कागदपत्रं, विमा, सगळं सांगावं लागेल. मला माहीत आहे सगळं."

"हो ना. तुम्हाला सगळं माहीत होतं."

त्यानं किल्ली दिली. मग त्यानं बायकोकडे पाहिलं. चौतीस वर्षांत मुलांशी कितीही वाजलं तरी सुरेखा शेवटी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहायची. आज तिनं खुंटीवरून रेनकोट काढला, जावयाच्या डाव्या दंडाला धरलं आणि त्याला जिन्याच्या पायऱ्या मोजून सांगत खाली नेलं.

नोटआउफनामेत, तातडीच्या विभागात, अडीच तास बसावं लागलं. दोरिनला तिथल्या दोघा-तिघांनी ओळखलं. हाताला प्लास्टर घातलेल्या एकानं शनिवारसाठी शुभेच्छाही दिल्या. दोरिन म्हणाला, "डांके." ऊर्जानं मान फिरवली.

डॉक्टर तरुण होती, जेमतेम ऊर्जाच्या वयाची. तिनं दोरिनच्या डोळ्यांत थेंब घातले, बुबुळं मोठी होईपर्यंत थांबली आणि मग आतल्या अंधाऱ्या खोलीत फार वेळ बघत राहिली. डावा डोळा बघायला तिला थोडाच वेळ लागला. उजव्याशी मात्र ती थांबली. दिवा कपाळावरून खाली ओढून पुन्हा पाहिलं. मग तिनं वरच्या डॉक्टरांना बोलावलं.

सुरेखाला सगळे शब्द कळले नाहीत. ऊर्जाच्या चेहऱ्यावरून कळले.

"काय गं? काय म्हणतात?"

"डावा गेला. आतला पडदा पूर्ण सुटलाय, फार महिने झाले." ऊर्जा श्वास घ्यायला थांबली. "आणि उजव्यालाही चीर आहे. नवी. ताज्या सरावातली असेल. अजून पडदा सुटला नाहीये. आत्ता लेझरनं शिवतात... शिवतात नाही, चिकटवतात. लगेच. आई, ती म्हणाली, आणखी एक ठोसा बसला असता तर..."

सुरेखानं तिला जवळ घेतलं. आखनपासून इथवर एकटीनं सगळं पेलणारी, बापासारखीच ताठ मानेची ही मुलगी आता तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी होती. आणि सुरेखाच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की मी वाटी उजवीकडून दिली असती तर. नेहमी उजवीकडूनच द्यायचे. आज प्रणवची खुर्ची आडवी होती म्हणून डावीकडून गेले.

सहाच्या सुमाराला दोरिन बाहेर आला. नर्सनं त्याला खुर्चीत बसवलं. बुबुळं अजून मोठी होती, सगळं धूसर दिसत होतं, तो चेहरे आवाजावरून ओळखत होता. चीर बंद झाली होती. पुढचे आठवडे धावायचं नाही, वाकायचं नाही, उचलायचं नाही. आणि रिंग, डॉक्टरनं कागदावर लिहून, खाली सही करून दिलं होतं, पुन्हा कधीच नाही.

त्यानं तो कागद मागून घेतला. वाचता येत नव्हता. बोटांनी नुसता धरून ठेवला.

"हरलेल्या धरून सत्तावीस फाईट," तो म्हणाला. "शेवटची कुठली होती, ऊर्जा? मे महिन्यातली? ती जिंकलो ना?"

"जिंकलास."

"गूट. छान." मग त्यानं विचारलं, "बाबा कुठे?"

ऊर्जानं त्याच्या हातातल्या कागदाची मुडपलेली कड सरळ केली.

"घरी," सुरेखा म्हणाली.

"कसे आहेत?"

हा प्रश्न त्यानं विचारावा, ह्याच्याइतकं तिला दिवसभरात काही लागलं नव्हतं. ती उठली आणि फोन घेऊन पॅसेजमध्ये गेली. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत श्रीपादनं उचलला.

"डावा गेला," ती म्हणाली. "उजव्यालाही चीर होती. आज कळली म्हणून वाचला."



"उजव्याला?" तो म्हणाला. "उजव्याचं मला माहीत नव्हतं. सुरेखा, शपथ, उजव्याचं मला..."

"कोणालाच नव्हतं."

"मी येऊ?"

सुरेखानं दाराच्या काचेतून आत पाहिलं. ऊर्जा नवऱ्याशेजारी बसली होती. तिला आईबापांचं काही बोलणं ऐकू जात नव्हतं, पण तिनं वर बघितलं आणि आईच्या हातातला फोन पाहिला. कोण आहे ते तिला कळलं. काय विचारतो आहे तेही. ती उठून दाराशी आली, दार फटभर उघडलं.

"आज नाही," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

"ऊर्जा म्हणते, आज नाही," सुरेखानं फोनमध्ये सांगितलं.

"आज नाही म्हणाली?"

"हो."

"म्हणजे उद्या..."

"ते ती नाही म्हणाली," सुरेखा म्हणाली. "आज नाही, एवढंच म्हणाली."

"बरं," श्रीपाद म्हणाला. त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. पॅसेजमधून एक ट्रॉली खडखडत गेली, तरी दोघं तशीच फोन कानाला लावून उभी होती.